दुकानाचे दुसरे दार : स्वतः बांधावे की कारागिराकडून?

नाशकाच्या भांडी बाजारात शिरणाऱ्या मनुष्यास दुकान शोधीत हिंडावे लागत नाही. दारासमोर मांडलेले हंडे, कळशा, समया आणि घंगाळी हीच त्या दुकानांची पाटी होय. गिऱ्हाईक थांबते, समई हातात घेऊन तिचे वजन अजमावते, भाव विचारते, थोडी घासाघीस करते आणि सौदा पुरा होतो. दुकानदाराने आपली ओळख करून द्यावी लागत नाही. त्याचा माल व त्याचा शब्द यांनीच ती होते. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार असाच चालत आला आहे.

परंतु आज त्याच समईचे एक गिऱ्हाईक पुण्यास असते, दुसरे बंगळुरास आणि तिसरे दुबईस. तेथे बसून ते आपल्या हातातील फोनवर 'नाशिक पितळी समई' असे शब्द लिहिते आणि जे दुकान पुढे येते त्याच्याशी बोलते. जे पुढे येत नाही, ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. यास्तव दुकानास रस्त्यावरील दाराबरोबर दुसरे एक दार लागते. त्यास संकेतस्थळ किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात वेबसाइट असे म्हणतात.

हे दार करावयाचे ठरले, की पुष्कळ घरांत एक वाद उभा राहतो. घरातील तरुण मुलगा अथवा सून म्हणते, "यात कठीण ते काय? चार रात्री बसून आपणच करू." वडील म्हणतात, "दुकानाची लाकडी फळीसुद्धा आपण सुताराकडून करवून घेतो; मग हे काम हौशी हातात का द्यावे?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद केवळ हौस किंवा कंजूषपणा यांच्या बळावर मिटविणे हिताचे नाही. त्यात पैसा गुंतलेला आहे, वेळ गुंतलेला आहे आणि यांहूनही मोलाची गोष्ट म्हणजे दुकानाचे नाव गुंतलेले आहे. ते नाव कित्येकदा मालकास नकळत दुसऱ्याच्या हाती जाते. ते कसे जाते, हे समजून घेतल्यावाचून कोणताही निर्णय घेऊ नये.

प्रथम वेबसाइट म्हणजे काय, हे पाहू. ही वस्तू एकजिनसी नाही. तिचे चार भाग आहेत, आणि घराच्या दृष्टान्ताने ते सहज ध्यानी येतात.

पहिला भाग नाव. यास डोमेन म्हणतात. '.कॉम' अथवा '.इन' या अक्षरांनी संपणारा हा पत्ता कायमचा विकत मिळत नसून तो मुदतीच्या भाड्याने मिळतो, आणि मुदत सरण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. '.इन' ही हिंदुस्थानची नावे २००५ सालापासून सर्वांस सुलभपणे खुली झाली. त्यांची व्यवस्था 'निक्सी' या नावाने ओळखली जाणारी संस्था पाहते. २०१४ सालापासून तर '.भारत' असा देवनागरी शेवट असलेले नावही घेता येते.

दुसरा भाग जागा. वेबसाइटची पाने व छायाचित्रे ज्या दूरच्या संगणकावर रात्रंदिवस ठेविलेली असतात, ती ही जागा होय. व्यवहारात तीस होस्टिंग म्हणतात, आणि तीही बहुधा भाड्यानेच मिळते.

तिसरा भाग इमारत. पानांची मांडणी, रंग, अक्षरे, कोठे दाबले असता काय उघडावे याची योजना, पैसे घेण्याची सोय हे सर्व तीत येते.

चौथा भाग माल. दुकानाची हकीकत, वस्तूंची वर्णने, छायाचित्रे, भाव, पत्ता, दुकान उघडण्याच्या वेळा, गिऱ्हाइकांच्या नेहमीच्या शंकांची उत्तरे.

अशी फोड करून पाहिली, की वादाचे क्षेत्र एकदम लहान होते. नाव आणि जागा ही कोणीही घेऊन दिली तरी ती मालकाच्याच नावे असली पाहिजेत. त्यात दुमत होऊच शकत नाही. माल मालकाशिवाय दुसऱ्या कोणास पुरविता येत नाही. पितळेत तांबे व जस्त यांचे प्रमाण काय, कल्हई केव्हा करावी, चिवडा किती दिवस टिकतो, हे वेबसाइट बांधणाऱ्या कारागिरास कोठून ठाऊक असणार? तेव्हा खरा प्रश्न फक्त तिसऱ्या भागाचा, म्हणजे इमारतीचा उरतो.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. जिनिव्हाजवळील 'सर्न' या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली पहिली वेबसाइट जगापुढे ठेवली. हिंदुस्थानात सामान्य नागरिकास इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमाच्या द्वारे. त्या काळी प्रत्येक पान सांकेतिक भाषेत हाताने लिहावे लागे. ती विद्या ज्यास येई त्यासच हे काम करता येई. पुढे २००३ साली 'वर्डप्रेस' ही विनामूल्य सामग्री निघाली आणि २००६ साली 'विक्स' व 'शॉपिफाय' यांसारखे तयार सांगाडे भाड्याने मिळू लागले. सांप्रत जगातील वेबसाइटांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वर्डप्रेसवर उभ्या आहेत. यामुळे सांकेतिक भाषेचे अक्षरही न जाणणारा मनुष्य चित्रे सरकवून व मजकूर भरून पान तयार करू शकतो.

तथापि या साधनांतही दोन जाती आहेत, आणि त्यांतील भेद लक्षात न घेतल्याने पुष्कळांची फसगत होते. विक्स वा शॉपिफाय ही भाड्याची सजलेली खोली आहे. नळ गळला तर घरमालक पाहतो. पण भाडे थकले की खोली सोडावी लागते, आणि भिंती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. वर्डप्रेस हे स्वतःच्या मालकीचे बांधकाम-साहित्य आहे. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविता येते. मात्र त्याची डागडुजी आपणांसच करावी लागते. त्याचे सुधारलेले अवतार वारंवार निघतात. ते वेळेवर न बसविले तर जुन्या भेगांतून चोर आत शिरतो आणि एके दिवशी दुकानाच्या पानावर भलत्याच जाहिराती झळकू लागतात.

आता घरी काम करण्याचे गुण पाहू. पहिला गुण अर्थात काटकसरीचा. दुसरा गुण वेगाचा. दिवाळीच्या तोंडावर भाव बदलला, तर तो त्याच घटकेस पानावर बदलता येतो. कोणाच्या सवडीची वाट पाहावी लागत नाही. तिसरा गुण फारसा बोलला जात नाही, पण तो सर्वांत मोठा आहे. स्वतः पान बांधू लागलेल्या दुकानदारास आपल्याच धंद्याविषयी असे प्रश्न पडतात की जे त्यास एरवी कधी पडले नसते. आपली कोणती वस्तू प्रथम दाखवावी? परगावचे गिऱ्हाईक काय विचारील? माल वाटेत फुटला तर काय करावयाचे? या प्रश्नांची उत्तरे लिहिता लिहिता धंद्याची घडीही सुधारते.

उणिवाही तितक्याच खऱ्या आहेत. पहिली उणीव छायाचित्रांची. फोनने काढलेले एक छायाचित्र सहज चार मेगाबाइट भरते. अशी वीस छायाचित्रे एका पानावर जशीच्या तशी ठेवली तर ते पान ऐंशी मेगाबाइटांचे होते, आणि खेड्यातील मंद जोडणीवर ते उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. तीच छायाचित्रे प्रत्येकी दोनशे किलोबाइटांपर्यंत आखडली तर सर्व मिळून चार मेगाबाइट होतात, आणि फोनच्या पडद्यावर डोळ्यास फारसा फरक जाणवत नाही. कारागीर हे न सांगता करतो. हौशी मनुष्यास ते ठाऊकच नसते.

दुसरी उणीव लिपीची, आणि ती मराठी दुकानदारास विशेष नडते. आपल्याकडील छापखान्यांत वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या देवनागरी अक्षरसंचांत मजकूर जुळविला गेला आहे. पत्रकावर तो सुबक दिसतो. पण संगणकाच्या दृष्टीने ती देवनागरी अक्षरे नसून इंग्रजी चिन्हांना दिलेले देवनागरी रूप असते. तो मजकूर उचलून वेबसाइटवर ठेवला, की वाचकास अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. मजकुराचे चित्र काढून ते चिकटविले तर डोळ्यांस वाचता येते खरे, परंतु शोध करणाऱ्या यंत्रास त्याचा बोध होईलच असा भरवसा नसतो. यास उपाय एकच. मजकूर युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत पुन्हा टंकावा, किंवा यंत्राने रूपांतर करून शब्दन् शब्द तपासून घ्यावा. हे काम घरी होण्यासारखे आहे. किंबहुना ते घरीच अधिक चांगले होते, कारण आपल्या मालाची मराठी नावे घरच्यांइतकी कारागिरास माहीत नसतात.

तिसरी उणीव चिकाटीची. चार रात्रींच्या उत्साहाने पान उभे राहते. पण मुलाची परीक्षा येते, सुनेवर घरचा भार पडतो, आणि पानावर मागील वर्षाचे भाव तसेच राहतात. शिळा भाव दाखविणारी वेबसाइट नसलेल्या वेबसाइटपेक्षा वाईट, कारण ती गिऱ्हाइकाशी दुकानाचे पहिलेच बोलणे खोटे ठरविते.

कारागिराकडे काम देण्याचे गुण यांच्या उलट आहेत. त्यास मांडणी कळते, फोनच्या लहान पडद्यावर पान कसे दिसेल हे कळते, आणि कुलूपकिल्ल्या कशा असाव्यात हेही कळते. २०१८ सालापासून क्रोम हा गूगलचा ब्राउझर सुरक्षित जोडणी नसलेल्या पानांवर 'असुरक्षित' असा शिक्का मारू लागला. त्या जोडणीचे प्रमाणपत्र विनामूल्यही मिळते, परंतु ते नीट बसवावे लागते. पैसे स्वीकारण्याचे काम तर अधिकच नाजूक आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशान्वये १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यास गिऱ्हाइकाच्या कार्डाचे क्रमांक आपल्याकडे साठवून ठेवता येत नाहीत. ज्या वेबसाइटवर रोज पैसे घ्यावयाचे, मालाची शिल्लक मोजावयाची आणि पावत्या काढावयाच्या, तेथे जाणत्या हाताशिवाय गत्यंतर नाही.

परंतु कारागिराच्या कामात एक धोका आहे, आणि तो त्याच्या कौशल्याचा नसून कागदपत्रांचा आहे. कल्पना करावी, की एका दुकानदाराने ओळखीच्या एका तरुणास काम दिले. त्या तरुणाने सोयीसाठी डोमेन स्वतःच्या नावे व स्वतःच्या ई-मेल पत्त्यावर घेतले. पान सुरेख झाले. दोन वर्षे गेली. तरुण नोकरीनिमित्त परदेशी गेला आणि त्याचा जुना फोन बंद पडला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या ई-मेलवर जात राहिली. ती दुकानदारास कधी दिसलीच नाही. एके सकाळी वेबसाइट उघडेना. '.कॉम' नावाची मुदत संपली, की थोड्या सवलतीच्या काळानंतर तीस दिवस ते जादा शुल्क भरून सोडविता येते. त्यानंतर ते मोकळे होते आणि पहिल्या येणाऱ्यास मिळते. पण सोडविण्याचा अधिकार कोणास? ज्याच्या नावे नोंद आहे त्यास, म्हणजे त्या तरुणास. दुकानाच्या पिशव्यांवर, पावत्यांवर आणि पाटीवर छापलेला पत्ता अशा रीतीने परक्याच्या हाती जातो. यात कोणाची लबाडी असावी लागते असे नाही. नुसता गाफीलपणा पुरे होतो. तंटा सोडविण्यासाठी '.इन' नावांकरिता लवादाची तरतूद आहे खरी, पण तिला शुल्क व वेळ दोन्ही लागतात.

दुसरी कागदी बाब स्वामित्वाची आहे. 'पैसे दिले, म्हणजे वस्तू आपली झाली' असे सर्वांस वाटते; समईच्या बाबतीत ते खरे, वेबसाइटच्या बाबतीत मात्र पूर्णतः खरे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीत केलेल्या रचनेचा हक्क सामान्यतः मालकाचा असतो. परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिराने लिहिलेल्या सांकेतिक लेखनाचा प्रथम हक्क त्या कारागिराचाच राहतो. तो मालकाकडे यावयाचा तर लेखी व सहीचे हस्तांतरण लागते. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क हिंदुस्थानापुरताच मानला जातो. तेव्हा करारात मुदत व प्रदेश यांचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. एका पानाच्या कागदाने हे काम भागते. तो कागद मात्र काम सुरू होण्यापूर्वी झाला पाहिजे.

कारागिराच्या परावलंबनाची ही गोष्ट झाली. फुकट मिळणाऱ्या जागेचे परावलंबन याहून कमी नाही. 'जिओसिटीज' या नावाने लक्षावधी लोकांनी विनामूल्य पाने थाटली होती. ती वसाहत याहू कंपनीने २००९ साली मोडून टाकली. जून २०२० मध्ये सरकारने 'टिकटॉक'वर बंदी घातली, तेव्हा त्यावरच आपले गिऱ्हाईक जमविणाऱ्यांचा तो आधार एका रात्रीत गेला. गूगलने लहान दुकानांस आपल्या व्यवसाय-नोंदीतून एक पानाची विनामूल्य वेबसाइट करून देण्याची सोय ठेवली होती. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि ती पाने नाहीशी झाली. ज्यांनी निराळे नाव घेतले होते, त्यांनी ते दुसऱ्या जागेकडे वळविले. ज्यांच्याकडे नाव नव्हते, त्यांच्या छापील पत्त्याचा कागद झाला. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताना ओंजळ केव्हा उघडेल याचा नेम नसतो.

आता खर्चाचा हिशेब मांडू. येथील आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. हिशेब तीन वर्षांचा धरावा, कारण एका वर्षाच्या हिशेबात घरचे काम नेहमीच स्वस्त दिसते. समजा, तयार सांगाड्याचे भाडे दरमहा ५०० रुपये आहे. तीन वर्षांचे १८,००० रुपये झाले. पान उभे करण्यास ६० तास लागले आणि पुढे दरमहा ४ तासांप्रमाणे छत्तीस महिन्यांत १४४ तास; एकूण २०४ तास. घरच्या मनुष्याच्या तासाची किंमत १५० रुपये धरली तर ३०,६०० रुपये होतात. घरच्या कामाची बेरीज ४८,६०० रुपये.

कारागिराचे समजा ४०,००० रुपये ठरले. तो जीएसटी नोंदणीकृत असल्यास त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ७,२०० रुपये, मिळून ४७,२००. देखभाल व जागा यांचे करासह वर्षाला ६,००० प्रमाणे १८,००० रुपये. त्यास माहिती पुरविण्यात दुकानदाराचे ४० तास तरी जातात. त्यांचे ६,००० रुपये. बेरीज ७१,२०० रुपये. दोहोंतील अंतर २२,६०० रुपयांचे, म्हणजे पहिल्याने वाटते त्याहून पुष्कळ कमी आहे. एका समईमागे ४०० रुपये सुटत असतील, तर तीन वर्षांत ५७ समया अधिक खपल्या की हे अंतर भरून निघते. महिन्यास दोनही नव्हेत. चांगल्या बांधणीमुळे तितका खप वाढेल काय, हा खरा प्रश्न. उत्तर होकारार्थी असेल तर कारागीर महाग नाही; नकारार्थी असेल तर तो स्वस्त दिसला तरी महागच.

हे उत्तर धंद्यागणिक बदलते. नाशिक जिल्ह्यातीलच काही धंदे घेऊन पाहावे. कोपऱ्यावरचे किराणा दुकान वा शिंप्याचे दुकान यांचे गिऱ्हाईक अर्ध्या मैलाच्या आतले. त्यांना वेबसाइटची निकड नाही. गूगलच्या नकाशावरील विनामूल्य नोंद, अचूक वेळा, चार स्वच्छ छायाचित्रे आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक एवढ्याने त्यांचे काम भागते. त्यांना चाळीस हजारांची वेबसाइट करून देणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला होय.

चिवडा, मनुका किंवा पापड करणाऱ्या घरगुती उद्योगाने आरंभी स्वतःच एक लहानसे पान बांधावे. मागणी फोनवर घ्यावी, पैसे यूपीआयने घ्यावेत. मात्र खाद्यपदार्थांच्या परवान्याचा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत व टिकण्याची मुदत ही माहिती ठळकपणे द्यावी. दर आठवड्यास परगावच्या मागण्या हाताने लिहिणे जड होऊ लागले, म्हणजे कारागिराकडे जाण्याची वेळ आली असे समजावे.

येवल्याचा पैठणी विणकर निराळ्या कोटीतला. त्याची एक पैठणी कित्येक हजारांची. गिऱ्हाइकास खऱ्या-खोट्याची शंका पहिली. २०१० साली पैठणीस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे, तिचा अर्थ त्याने समजावून सांगितला पाहिजे. येथे पानाच्या मांडणीपेक्षा छायाचित्राचे मोल अधिक. रंग जसा आहे तसा दिसला नाही, तर लुगडे परत येते. अशा विणकराने थोडे पैसे असतील तर ते प्रथम चांगल्या छायाचित्रकारास द्यावेत आणि पान साध्या सांगाड्यावर स्वतः उभे करावे.

पंचवटीतील धर्मशाळावजा निवास चालविणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. २०१५ च्या सिंहस्थात जी गर्दी लोटली तिची आठवण ताजी आहे, आणि पुढील पर्वण्या २०२७ च्या आहेत. परमुलखातून येणाऱ्या यात्रेकरूस खोली शिल्लक आहे की नाही हे अचूक कळले पाहिजे. एकच खोली दोघांस दिली गेली तर गोदाकाठी मध्यरात्री भांडण उभे राहते. ही शिल्लक-मोजणी हौशी हाताने करू नये. उलट सातपूर वा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रभाग करणाऱ्या छोट्या कारखानदाराचे गिऱ्हाईक मोजके, पण चिकित्सक. त्यास पाच पाने पुरतात. यंत्रे कोणती, माप किती सूक्ष्म, प्रमाणपत्रे कोणती, हे मात्र नीट मांडलेले हवे. ते एकदा कारागिराकडून करवून घेतले, म्हणजे वर्षातून दोनदा हात लावला तरी चालते.

धंदा कोणताही असो, वेबसाइटवरून नियमितपणे माल विकणाऱ्याने कायद्याचे भान ठेविले पाहिजे. २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे धंद्याचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्काची साधने आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव पानावर द्यावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि तिचे निवारण एका महिन्यात करावयाचे. वस्तुतः भांडी बाजारातील सचोटीचा दुकानदार हे आजवर करीतच आला आहे. आता ते लिहून ठेवावयाचे, इतकेच.

या सर्व विवेचनातून घरचे की कारागिराचे, असे कोरडे उत्तर निघत नाही. एक क्रम मात्र निघतो, आणि त्याचा उत्तम दाखला नाशिक जिल्ह्यानेच घालून दिला आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांना चित्रपट काढावयाचा होता, तेव्हा ही कला जाणणारा देशी कारागीर त्यांना मिळण्यासारखा नव्हता. १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा व इतर सामग्री त्यांनी खरेदी केली आणि सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे काम प्रत्यक्ष पाहून घेतले. परत आल्यावर त्यांनी एकदम मोठ्या चित्रास हात घातला नाही. आधी वाटाण्याचे रोप कसे वाढते हे दाखविणारा छोटा चित्रपट घरीच तयार केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. फिल्मवर भोके पाडणे, ती धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. पण 'राजा हरिश्चंद्र' काढताना कॅमेरा चालविण्यास त्यांनी आपले स्नेही तेलंग यांना तयार केले, आणि नट बाहेरून आणले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात ते चित्र लोकांसमोर आले. स्वतः शिकावे, लहान प्रमाणावर करून पाहावे, आणि मग दुसऱ्यास काम सांगावे, असा हा क्रम होता. ज्यास काम कळते त्यास कारागीर निवडताही येतो आणि त्याच्या कामाची परीक्षाही करता येते.

लहान व्यापाऱ्यानेही हाच मार्ग धरावा. आधी नाव स्वतःच्या नावे, दुकानाच्या कायम ई-मेल पत्त्यावर आणि शक्य तर अनेक वर्षांकरिता नोंदवावे. नंतर तीन-चार पानांची साधी वेबसाइट घरी करावी आणि सहा महिने ती चालवून पाहावी. कोण विचारतो, काय विचारतो, कोठून विचारतो याची वहीत नोंद ठेवावी. ती वही हीच कारागिरास द्यावयाची उत्तम माहिती होय. तिच्यावाचून गेलेल्या गिऱ्हाइकास कारागीर आपल्या कल्पनेतले दुकान बांधून देतो. ती घेऊन गेलेल्यास त्याचे स्वतःचे दुकान मिळते.

कारागिराकडे जाताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. पूर्वी केलेल्या कामांपैकी तीन अजून चालू असलेल्या वेबसाइट दाखवाल काय? भाव व छायाचित्रे आम्हांस स्वतः बदलता येतील काय? सर्व परवलीचे शब्द आमच्या स्वाधीन कराल काय? मजकुराची प्रत दर महिन्यास आमच्याकडे ठेवाल काय? काम सोडून जावयाचे झाल्यास सर्व सामग्री किती दिवसांत हाती द्याल? या प्रश्नांनी चांगला कारागीर रागावत नाही. उलट जाणते गिऱ्हाईक मिळाल्याचा त्यास आनंद होतो. जो टाळाटाळ करतो, त्यास नमस्कार करून पुढे जावे.

ज्यांची वेबसाइट आधीच झालेली आहे, त्यांनी आजच सायंकाळी एक काम करावे. आपले डोमेन कोणाच्या नावे, कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या तारखेपर्यंत नोंदलेले आहे, हे शोधून दुकानाच्या खातेवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. नोंद दुसऱ्याच्या नावे निघाली, तर तो मनुष्य जवळ आहे आणि त्याच्याशी बोलणे गोड आहे, तोवरच ती बदलून घ्यावी. दुकानाच्या रस्त्यावरील दाराची किल्ली रात्री कोणाकडे असते हे प्रत्येक मालकास ठाऊक असते; या दुसऱ्या दाराचीही असली पाहिजे.